कूप आणि कुरण: सरकारी जंगलावर गावाची नजर

महाराष्ट्रातल्या सरकारी जंगलात कोणतं झाड तोडायचं हे वनविभाग ठरवतो. त्यावर खूण तोच करतो, तोडही तोच करून घेतो, लाकूड डेपोत नेऊन लिलावात विकतो, आणि हे सगळं नीट झालं का याचा अहवालही त्याच विभागाची मूल्यांकन शाखा लिहिते. १९७४ साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाच्या ताब्यातल्या जंगलांतही मांडणी फारशी वेगळी नाही. विभागातल्या माणसांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यावी म्हणून हे लिहीत नाही. कितीतरी वनरक्षक एकट्यानं मोठमोठी बीटं सांभाळतात, रात्री-अपरात्री लाकूडचोरांच्या समोर उभे राहतात. पण आपल्या कामाचा हिशेब आपणच तपासायचा, ही रीत भल्या माणसालाही सैल करते आणि वाईट माणसाला मोकळं रान देते. म्हणून बाहेरची नजर हवी. ती नजर गावानं कशी ठेवायची, हे जंगलाकाठच्या ग्रामसभा, शिक्षक, तरुण मंडळं आणि गुराखी-मेंढपाळ यांच्यासाठी इथं सांगतो.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करायला हवा. जंगलातली प्रत्येक तोड बेकायदा नसते. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर सरकारी जंगलातली तोड केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या कार्य आयोजनेनुसारच करता येते. म्हणजे तोडीला कागदाचा आधार लागतो, आणि आधार लागतो म्हणूनच तो तपासता येतो. त्यामुळे ‘झाड का तोडलं?’ असं विचारत गेलात तर उत्तर ठरलेलं असतं: आयोजनेत आहे. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. आयोजनेत लिहिलंय तसं आणि तेवढंच तोडलं का? आणि तोडल्यानंतर तिथं जंगल परत उभं राहिलं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका हंगामात मिळतं. दुसऱ्याला पाच वर्षं लागतात, आणि माझ्या मते खरी परीक्षा त्या दुसऱ्याच प्रश्नात आहे.

कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते. ती जाडजूड असते आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असते, म्हणून गावात ती कुणी उघडत नाही. सगळी वाचायची गरजही नाही. आपल्या गावाच्या शिवेला लागून असलेल्या जंगलाचे कक्ष क्रमांक शोधा. त्या कक्षांना तोडीची कोणती पद्धत लावली आहे, कूप (एका वर्षी तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा) कोणत्या वर्षी पडणार आहे, किती घेराच्या वरची झाडं तोडायची आहेत आणि काय राखायचं आहे, एवढं वहीत मराठीत उतरवून घ्या. राखायच्या गोष्टींकडे नीट लक्ष द्या. तीव्र उताराची जागा, नाल्याच्या दोन्ही काठांचा पट्टा, आणि मोह, चार, टेंभुर्णी, हिरडा, बेहडा, आवळा यांसारखी फळझाडं यांना आयोजनेत सहसा संरक्षण दिलेलं असतं. कूप पडताना पहिला घाव नेमका तिथंच बसण्याची भीती असते, कारण नाल्याकाठची झाडं जाड असतात.

अनेक वनविभागांच्या कार्य आयोजना विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. न मिळाल्यास माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. अर्जात ‘जंगलतोडीची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, हाती काहीच लागणार नाही. असं लिहा: ‘अमुक परिक्षेत्रातील कक्ष क्रमांक अमुक येथील सन अमुकच्या कुपाचा मंजूर नकाशा, खूण केलेल्या झाडांची यादी, तोडीनंतरच्या लाकडाची मोजणी यादी आणि डेपोत पाठवलेल्या मालाच्या वाहतूक परवान्यांच्या प्रती.’ चार कागद, एक कक्ष, एक वर्ष. त्याच कायद्याचं कलम २(ञ) लोक विसरतात. कागद पाहण्याबरोबरच चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार त्यात दिला आहे. कुपाच्या पाहणीसाठी त्याच कलमाखाली अर्ज करा. राखीव वनात परवानगीवाचून शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात तर नियम आणखी कडक आहेत. लेखी परवानगी घेऊन, शक्य तर वनरक्षकाला सोबत घेऊनच जा. त्यानं तुमच्या वहीवर सही केली, तर त्या वहीचं मोल कितीतरी वाढतं.

कुपात गेल्यावर झाडांपेक्षा बुडखे पाहा. तोडीआधी खूण करताना झाडावर दोन ठिकाणी खूण होते, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी, जमिनीलगत. वरची खूण ओंडक्याबरोबर निघून जाते, खालची बुडख्यावर राहते. तिथं क्रमांक आणि वनखात्याच्या हॅमरचा ठसा दिसला पाहिजे. बुडख्यावर ठसा नसेल, तर ते झाड यादीबाहेरचं असण्याची शक्यता मोठी. सगळा कूप पिंजून काढायची गरज नाही. नकाशावर दोन-तीन सरळ रेषा आखा. एक रेषा नाल्याला लागून, एक उतारावरून, एक रस्त्यापासून दूर. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरातले सगळे बुडखे मोजा. झाडाची जात, बुडख्याचा घेर, ठसा आहे की नाही, कापाचा रंग ताजा की जुना काळपट, जीपीएसची नोंद आणि टेप लावून काढलेला फोटो, एवढं प्रत्येकाबद्दल लिहा. उभ्या झाडाचा घेर मोजायचा तर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजा, वनखात्याचं मापही तिथलंच असतं. उतारावर असाल तर झाडाच्या चढाकडच्या बाजूनं उंची धरा.

बुडख्याचा काप बरंच सांगून जातो. साग, ऐन, धावडा ही झाडं तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतात, पण काप जमिनीलगत, गुळगुळीत आणि थोडा तिरपा हवा, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर साचत नाही आणि साल फाटत नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर, कुऱ्हाडीनं ओरबाडून तोडलेला बुडखा दिसला, तर तिथं घाईनं काम झालंय किंवा चोरून झालंय. अशा बुडख्यातून आलेले फुटवे वाऱ्यानं मोडतात. बांबूच्या रांजीत आणखी बारकाईनं पाहा. या वर्षीचे कोंब आणि गेल्या वर्षीचे कोवळे बांबू शाबूत आहेत का? काप पहिल्या पेराच्या वर, जमिनीजवळ घेतलाय का? जुने बांबू रांजीच्या आतून काढलेत, की सोपे पडतात म्हणून कडेचे कोवळे उडवलेत? पावसाळ्यात बांबू तोडायचा नसतो, कारण त्याच काळात नवे कोंब वर येतात. पावसाळ्यात बांबूची गाडी निघालेली दिसली तर तारीख लिहून ठेवा आणि माल कुठला ते विचारा.

विचारायचं म्हणजे वाहतूक परवाना पाहायला मागायचं. त्यावर मालाचं वर्णन, नग, निघाल्याचं ठिकाण आणि मुदत असते. पण गाडी अडवायला जाऊ नका. ते काम पोलिसांचं आणि वनखात्याचं. गाडीचा क्रमांक, वेळ आणि दिशा नोंदवून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि कळवल्याची वेळही लिहून ठेवा. लाकूडचोरांशी भांडून जिवाला धोका ओढवून घेतलेला माणूस जंगलाच्या कामाचा उरत नाही.

कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात वेगळा धोका आहे, तो ‘मालकी’चा. खाजगी जमिनीवरच्या झाडांच्या तोडीला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी मिळते. परवानगी मालकीच्या गटाची, आणि कुऱ्हाड मात्र शिवेपलीकडच्या सरकारी जंगलात, असं घडू शकतं. कागद पूर्ण असतात, परवाना खरा असतो, फक्त झाडं दुसऱ्याची असतात. इथं झाडं मोजून भागत नाही, शीव मोजावी लागते. मोजणीचा नकाशा, वनसीमेचे दगड आणि परवान्यातली झाडांची यादी एकत्र ठेवून पाहा. मालकीच्या गटात शंभर झाडांची परवानगी आहे आणि त्या गटात साठच बुडखे सापडतात, तर उरलेली चाळीस झाडं कुठली, हा लेखी विचारण्याचा प्रश्न आहे. नुसत्या बंदीवर विसंबूनही राहता येत नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली, तरी तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. तोड झाली, लाकूड गेलं, कूप मोकळा झाला. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथं जाणारं सहसा कुणी नसतं, म्हणून गावानं जायचं. आधी आखलेल्या त्याच रेषांवर जा. किती बुडख्यांना फुटवे आले, त्यांतले किती जनावरांनी खुडले, बी पडून आलेली रोपं कोणत्या जातींची आहेत, हे तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी मोजा. लागवड केली असेल तर रोपवनाची नोंदवही मागा. त्यात किती रोपं लावली, किती जगली, कधी मोजली हे लिहिलेलं असतं. कागदावरची जगलेली रोपं आणि जमिनीवरची जगलेली रोपं यांची गाठ घालून देणं हे बाहेरच्या नजरेचं पहिलं काम. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी वृक्ष लागवडीचा कार्यक्रम राबवला तेव्हा लावल्याचे आकडे गावोगाव फलकांवर झळकले. जगल्याच्या आकड्यांचे तसे फलक गावोगाव लागले नाहीत.

इथं उपग्रहाच्या नकाशांवर फार भरवसा ठेवू नका. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी येणारा अहवाल एक हेक्टरवरच्या आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेल्या जमिनीला वनाच्छादन म्हणतो. त्यात मालकी किंवा झाडाची जात पाहिली जात नाही. म्हणजे ऐन, बीजा, मोह, तेंदू, चार असलेलं मिश्र जंगल साफ करून तिथं सागाच्या रांगा उभ्या केल्या, तरी काही वर्षांनी नकाशा पुन्हा हिरवा. पण त्या सागाखाली मोहफूल वेचता येत नाही, चारोळी मिळत नाही, गुरांना चारा मिळत नाही. पूर्व विदर्भातल्या गावांनी महामंडळाच्या अशा तोडीला विरोध केला तो याच कारणानं, आणि तो विरोध मला पूर्णपणे रास्त वाटतो. उपग्रहाची जुनी-नवी चित्रं वापरा जरूर, पण जागा आणि महिना हेरण्यासाठी. तिथं काय उभं आहे, हे पायी गेल्यावाचून कळत नाही.

चराईचा विषय तोडीहून नाजूक आहे, आणि इथं शहरातल्या निसर्गप्रेमींकडून नेहमी अन्याय होतो. शेळी-मेंढी दिसली की जंगलाचा शत्रू दिसल्यासारखं बोलतात. वन हक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) नं चराईचा हक्क मान्य केला आहे, आणि तो फक्त गावात राहणाऱ्यांचा नाही, हंगामानुसार फिरणाऱ्या पशुपालकांचाही आहे. पावसाळा संपल्यावर कोकणात उतरणारा धनगरांचा वाडा, वर्ध्याकडे गवळाऊ गाई राखणारे नंदा गवळी, गडचिरोलीतले कुरमार, यांच्या वाटा आणि वेळा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. त्यांना बाहेर ठेवून चराईवर देखरेख करू गेलात तर हाती भांडण तेवढं लागेल. त्यांनाच सोबत घ्या. कोणतं गवत कुठं कमी झालं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

चराई जास्त होतेय की नाही, हे जनावरं मोजून ठरत नाही, गवतावरून ठरतं. मारवेल, पवन्या यांसारखी चवदार गवतं कमी होऊन कुसळी वाढली, पुढं कुसळीही विरळ होऊन तरोटा, रानतुळस, घाणेरी पसरली, तर कुरण खाली उतरतंय. पायवाटांच्या घळी झाल्यात का, जनावरांच्या तोंडाच्या उंचीपर्यंत झुडपांचा पाला एका रेषेत संपलाय का, आकडीनं झाडांच्या वरच्या फांद्या ओढून छाटल्यात का, हेही पाहा. याची खात्री करायची सोपी युक्ती आहे. कुरणात दहा-बारा हात लांबी-रुंदीचा एखादा तुकडा काट्यांचं कुंपण घालून बंद ठेवा. एका पावसाळ्यानंतर आत आणि बाहेर कोणतं गवत किती उंच आलं, ते शेजारी-शेजारी दिसतं. वादावादीत असा तुकडा चार अहवालांना भारी पडतो, कारण मेंढपाळ आणि वनरक्षक दोघंही तो एकाच वेळी डोळ्यांनी पाहू शकतात.

नुकत्याच तोडलेल्या कुपात जनावरं सोडायची नाहीत, हा नियम मात्र पाळलाच पाहिजे. फुटवे जनावरांच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत, साधारण पाचेक वर्षं, तो भाग बंद ठेवतात. पण बंद करायचा तर दुसरीकडे मोकळं काय, हेही ठरायला हवं. गावाभोवतीचे चार कक्ष एकाच वेळी बंद झाले तर गुराखी चोरूनच जाणार. म्हणून कोणते कक्ष कधी बंद आणि कधी खुले, याचं कोष्टक वनविभागाकडून आधीच मागा आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. दंडाच्या बाबतीत एकच आग्रह धरा: पावती. जनावर पकडलं, कोंडवाड्यात घातलं, तडजोड शुल्क घेतलं, तर पावती मिळालीच पाहिजे. वर्षभरातल्या गावकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या पावत्या एकत्र करून त्या परिक्षेत्राच्या वनगुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहा. वर्षाकाठी दिले-घेतलेले पैसे आणि पावत्यांवरचे पैसे यांत फरक निघाला, तर तो आकडा वरिष्ठांपर्यंत पोचवा. चराईतला भ्रष्टाचार गरिबाच्या खिशातून जातो, त्याची फिर्याद करायला तो तालुक्याला जाऊ शकत नाही.

माळरानावर तर उलट प्रकार घडतो. गवताळ माळ ‘पडीक’ समजून त्यावर सलग चर खोदतात, रोपं लावतात. तिथली गवतं, लांडगा, माळढोक आणि मेंढपाळ या सगळ्यांचं त्यात नुकसान होतं. तुमच्या तालुक्यात असं काम मंजूर झालं असेल, तर लागवडीआधीच जागेच्या निवडीचं कारण लेखी मागा. चर खोदून झाल्यावर बोलून फारसा उपयोग होत नाही.

आता हे करायचं कोणी? सामूहिक वन हक्क मिळालेल्या गावांत उत्तर स्पष्ट आहे. वन हक्क कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे, नियम ४(१)(ङ) खाली त्यासाठी समिती नेमता येते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यवस्थापन आराखडाही ग्रामसभेनं करायचा आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावानं बांबूतून उत्पन्न मिळवलं, पण तेंदूपानं तोडताना झाडांची छाटणी होते आणि आगी लागतात म्हणून तेंदूचं काम बंद केलं. पैसा सोडून जंगल राखणारा हा निर्णय ग्रामसभेचा होता, तो वरून आलेला नव्हता.

पण ग्रामसभा आहे म्हणून आपोआप स्वतंत्र नजर येत नाही. बांबू विकणारी समिती आणि बांबू मोजणारी समिती एकच असेल, तर वनविभागाबद्दल आपण जी तक्रार करतो तीच इथंही लागू होते. पाहणी गटात कूप घेणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला असणारा, वाहतुकीची गाडी असणारा, विक्री समितीत बसणारा माणूस नको. सरपण, मोहफूल, तेंदू वेचायला जंगलात जाणाऱ्या बायकांना मात्र आवर्जून घ्या. कोणत्या आठवड्यात कुऱ्हाडीचा आवाज आला हे त्यांना आधी कळतं. शेजारच्या गावाचे दोन जण बोलावून घेतलेत तर आणखी उत्तम.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हे काम कायद्यानं उभं केलं आहे. तिथली बहुतेक जमीन सरकारी मालकीची आहे, त्यावर कंपन्या लाकूड तोडतात आणि पशुपालक गुरं चारतात. १९९५ मध्ये स्थापन झालेलं वनव्यवहार मंडळ त्या दोन्हींची तपासणी करतं, सरकारच्या अंमलबजावणीचीही करतं आणि नागरिकांच्या तक्रारींवरून चौकशी करतं. दंड करण्याचा अधिकार त्याला नाही, त्याचे अहवाल मात्र जाहीर होतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये केंद्रीय सक्षम समिती नेमली, पण ती देशभराच्या मोठ्या प्रकरणांसाठी. तालुक्यातल्या कुपाची तपासणी करणारं आणि अहवाल उघड करणारं स्वतंत्र मंडळ महाराष्ट्रात हवं, अशी मागणी आमदारांपुढे ठेवायला काहीच हरकत नाही. तोवर गावाची वही हेच ते मंडळ.

वहीत जे नोंदवलं ते सांगायचं कसं? आरोपाची भाषा नको. ‘कक्ष क्रमांक अमुकमध्ये अमुक तारखेला पाहिलेल्या बुडख्यांपैकी एवढ्यांवर ठसा नव्हता, यादी आणि फोटो सोबत, कृपया संयुक्त पंचनामा करावा’, एवढंच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लिहा, प्रत उपवनसंरक्षकांना द्या, आणि पोच घ्या. ग्रामसभेत ठराव करून पाठवलात तर ते पत्र एका माणसाचं राहत नाही. कारवाई झाली नाही आणि प्रकरण वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० च्या उल्लंघनाचं असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पीठाकडे जाता येतं. तिथं वाद उद्भवल्यापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून पत्रव्यवहारात वर्ष घालवू नका. नुसत्या चोरट्या तोडीसाठी मात्र ते दार नाही, कारण भारतीय वन अधिनियम त्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही.

कामाला सुरुवात पावसाळ्यातच करा. ऑगस्टमध्ये माहितीचा अर्ज टाकला, तर उत्तर आणि गरज पडल्यास अपील धरून कागद पानगळीच्या आधी हाती येतात, आणि कुपात तोड सुरू होते तेव्हा यादी तुमच्या पिशवीत असते. पहिल्या वर्षी एकच कक्ष घ्या, गावाला सगळ्यात जवळचा.